चार टनांचा पूल

माझे आजोबा याच आवारात खेचरं विकायचे.
गिऱ्हाईक जबडा उघडून दात मोजायचं.
मी यंत्रं विकतो.
आता लोक रंग विचारतात, आणि हप्ता.

व्हर्लीन स्टकी आली ती वहीचं एक पान घेऊन.
चाळीस एकर, भावाच्या मागे राहिलेले,
मिसुरीतल्या ओझार्कच्या उतारावर,
अकरा वर्षं कुणी पातं न लावलेले.
सीडर, ब्लॅकबेरी, बोटभर काट्यांचा लोकस्ट.
"आणि मधे कुठंतरी," ती म्हणाली, "कुंपण.
दिसत नाही, पण आहे."

मी सवयीनं सगळ्यात मोठं दाखवलं.
पट्ट्यांवर चालणारं, पुढं दातेरी ढोल,
मांडीएवढं झाड उभ्या उभ्या भुसा करणारं.
किल्ली फिरवली.
पलीकडच्या छपरावरची कबुतरं एकदम उठली.
ती कानांवर हात ठेवून हसली,
मग विचारलं, जे खरं तर मी सांगायला हवं होतं:
"वजन?"

पाच टन.

तिच्या पानावर पहिलीच ओळ होती:
ओढ्यावरचा पूल, चार.

म्हणून मी गाडी काढली आणि जमीन बघायला गेलो,
कित्येक वर्षांत प्रथमच, विकायच्या आधी.
फाटक पावलांनी मोजलं. काठीनं माती टोचत चाललो.
चुनखडीचे दात गवताखाली जागोजाग,
पातं लागलं तर ठिणगी पडेल असे.
चढाला ती माझ्या पुढं होती.
वय बासष्ट, श्वास माझाच लागला.

खालच्या ओल्या खोलगटात ती थांबली.
तिथं एल्डनचा बुलडोझर होता.
ऑगस्टात कोरड्या ओढ्यातून आत आणलेला,
ऑक्टोबरात झरा जागा झाला तेव्हा
पोटापर्यंत बसलेला, बसलेलाच.
पट्ट्याच्या दोन कड्यांमधून एक सीडर वर गेला होता,
माझ्या दुप्पट उंच, सरळ,
जणू लोखंड त्याला आधार म्हणूनच दिलं होतं.

मी शेवाळ खरवडलं. बारकी पितळी पट्टी.
विक्रेता म्हणून माझ्या वडिलांचं नाव,
खाली आमच्या आवाराचा पत्ता.

"तुम्हाला माहीत होतं?"
"हप्ते मीच फेडले शेवटचे नऊ," ती म्हणाली.
"तू येऊन बघावंस, एवढंच होतं."

परतताना फार बोललो नाही.
पुलावर उभं राहून एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलं:
पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, मागं फिरत्या पात्यांचं कटर,
दोन्ही मिळून अडीच टन.
ब्लॅकबेरीला तेवढं पुरे, वर्षातून दोनदा, तीन वर्षं.
सीडर हातकरवतीनं, सगळ्यात खालच्या फांदीच्याही खाली;
तिथं कापला की तो परत फुटत नाही,
आपल्या इथल्या फार थोड्या गोष्टींसारखा.
उभा उतार सोडून द्या.
तिथं ट्रॅक्टर आडवा नेला तर
जमीन साफ होणार नाही, तुम्ही व्हाल.
आणि कुंपणाकडेची पट्टी जुलै सरेपर्यंत ठेवा,
लावे अंडी घालतात.

शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली.
"हे तू विकत नाहीस."
"नाही."

मोठ्या यंत्रावर मला मिळालं असतं त्याच्या
पाचव्या हिश्शात व्यवहार झाला.
त्या रात्री जेवताना बायकोला आकडा सांगितला नाही,
खेचराच्या दातांची गोष्ट सांगितली.

तीन आठवड्यांनी, सकाळी सात वाजता फोन.
मागं इंजिन बंद झाल्यानंतरची ती मोठी शांतता,
त्यात कुठला तरी पक्षी.
"कटरच्या दांड्याभोवती काटेरी तार गुंडाळलीय," व्हर्लीन म्हणाली,
"चांगली शंभरेक फूट.
पक्कड घेऊन ये.
कुंपण सापडलं."